आबांनी चिनी अक्षर सरळ केलं

आबा दोह्याला आले ते तीन महिन्यांच्या व्हिसावर. आल्या दिवसापासून ते आमच्या सोफ्यावर असे बसायचे, की जणू तो विमानतळावरचा बाक आहे आणि आता कुणीतरी त्यांचं नाव पुकारणार आहे. पायात मोजे, गळ्याला मफलर, डोक्यावर पांढरी टोपी. एसीचा वारा थेट टोपीवर यायचा, पण टोपी काढायला ते तयार नसायचे आणि जागा बदलायलाही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. इंग्रजी शाळेत जायचे. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून बाहेर पडताना ते इंग्रजी होऊन पडायचं. आबांनी काही विचारलं की मी "येस आबा", "नो आबा" म्हणायचे, आणि आबा आईकडे वळून काळजीनं विचारायचे, "सूनबाई, हिला ताप-बीप आलाय का?"

आमचा फ्लॅट अल सद्दमध्ये, सहाव्या मजल्यावर. पहाटे बाबांचा अलार्म, मग कुकरच्या शिट्ट्या, कोपऱ्यावरच्या मशिदीतली अजान, खाली येऊन थांबलेल्या कंपनीच्या बसचा हॉर्न, असं सगळं ओळीनं वाजायचं. बाबा मेसईदच्या एका खताच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचे इंजिनिअर होते. काटा केसभर हलला तरी त्यांची झोप उडायची. ते गेले की घर थोडा वेळ गप्प व्हायचं आणि मग शेजारच्या भिंतीतून सुरू व्हायचं ठकठकठकठक. एका लयीत, दहा-दहा मिनिटं.

"शेजारी सुतार राहतो का?" आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नो आबा. चायनीज फॅमिली. दे आर कटिंग कॅबेज."

"कोबी? यवढा? कुणाचं लगीन हाय?"

लग्न कुणाचंच नव्हतं. शेजारी शेन कुटुंब राहायचं. मुलगा कुठल्यातरी मोठ्या बांधकामावर, सून घरी, माझ्याच वयाची नात लान, आणि नुकतेच गावाहून आलेले आजोबा. लान आणि मी लिफ्टमध्ये भेटलो की एकमेकींच्या बुटांकडे बघायचो. मैत्री तेवढीच.

आबांबद्दल इथंच सांगून टाकते, कारण तेव्हा मलाही ते नीट माहीत नव्हतं. आबा म्हणजे इस्लामपूरचे शिवा पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. किराणा, कापड, सलून, दवाखाने, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागची घारीची चोच. प्रत्येक अक्षराला एका बाजूनं सावली, वर पांढरी चमक, भोवती वेलबुट्टी; मोकळी जागा राहिली तर तिथं कमळ. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून येणारे, हसऱ्या चेहऱ्यांचे फ्लेक्स. बाबांनी सुट्टीला गेल्यावर आबांचं दुकान आवरलं, ब्रश कुणाकुणाला देऊन टाकले आणि म्हणाले, "आता आराम करा." चांगल्या मनानं म्हणाले. पण आराम हा काही आबांना येणारा धंदा नव्हता.

आल्यावर दहा-बारा दिवसांनी ते घडलं. मी शाळेतून परतत होते. लिफ्टचं दार उघडलं तर समोर आबा, शेजाऱ्यांच्या दारापाशी, आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन तिच्यावर उभे. शेन लोकांच्या दारावर एक लाल चौकोनी कागद टोकावर उभा केल्यासारखा चिकटवलेला होता आणि त्यावर काळं भलंमोठं अक्षर. आबांनी तो कागद नखानं अलगद सोडवला होता आणि वरची बाजू खाली करून पुन्हा बसवत होते.

मी इतकी घाबरले की मराठीत ओरडले. "आबा! काय करताय!"

"आलं का तोंडातनं?" आबा खूश झाले. "अगं, उलटं डकवलंय बघ यांनी. मघाधरनं डोळ्यात खुपतंय."

"तुम्हाला कसं कळलं उलटं आहे? तुम्हाला चायनीज येतं?"

"मला अक्षर न्हाई येत. ब्रश येतो. हे बघ, रंग जिथं टेकतो तिथं जाड असतो आणि जिथं सुटतो तिथं फाटतो. माणूस वरनं खाली लिहितो. हितं समदं खालनं वर चाललंय. कुठला पेंटर असं काम करंल?"

तेवढ्यात दार उघडलं. आत शेन आजोबा. किडकिडीत, निळा बंद गळ्याचा कोट, भुवया पांढऱ्या आणि लांब. त्यांच्या मागे लान. खुर्चीवर आबा. आबांच्या तळहाताखाली त्यांचं दार. मला वाटलं, आता संपलं. पोलीस, वॉचमन, दूतावास. मी इंग्रजीत भडाभडा सगळं सांगितलं, लाननं ते चिनी भाषेत आजोबांना सांगितलं. आजोबांनी कागदाकडे बघितलं. आबांकडे बघितलं. मग एकच प्रश्न विचारला.

"आजोबा विचारतात, यांना वाचता येतं?" लान म्हणाली.

"नाही. ते म्हणतात ब्रशवरून कळलं."

लाननं सांगितलं आणि शेन आजोबा हसायला लागले. आधी आवाज न करता, मग आवाज करून, मग दाराची चौकट धरून. त्यांनी दोन्ही हात पुढे करून आबांना खुर्चीवरून उतरवलं, नवऱ्या मुलाला घोड्यावरून उतरवतात तसं, आणि थेट आत नेलं.

आत गेल्यावर कळलं की तो कागद मुद्दामच उलटा लावलेला होता. त्या अक्षराचा अर्थ सुख, भाग्य. त्यांच्या भाषेत 'उलटं' आणि 'आलं' हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात. म्हणजे दारात उभा राहून कुणी म्हणालं, "अहो, तुमचं सुख उलटं आहे," की ऐकू येतं, "तुमचं सुख आलं." आबांनी हे दोनदा समजावून घेतलं. मग त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे मी यांचं आलेलं सुख परत धाडलं की काय?" लाननं हे सांगितल्यावर शेन आजोबांना पुन्हा हसण्याची उबळ आली. मग दोघांनी मिळून तो कागद परत उलटा चिकटवला. आबा लांब जाऊन, एक डोळा मिटून म्हणाले, "डावीकडं जरा वर." शेन आजोबांनी बरोबर डावीकडं वर केला. त्या वाक्याचं आम्ही भाषांतर केलंच नव्हतं.

त्या दिवशी लाननं चहा दिला. हिरवट, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, छोट्याशा पेल्यात. तिनं तो दोन्ही हातांनी धरून, थोडं वाकून, सगळ्यांत आधी आबांना दिला. मग स्वतःच्या आजोबांना. मग मला. मी तिला नंतर विचारलं, असं का? ती म्हणाली, आमच्याकडे फार जुन्या काळी एक गुरुजी होऊन गेले, त्यांनी सांगून ठेवलंय: मोठ्यांशी कसं वागायचं ते घरात शिकलात तर राज्य आपोआप नीट चालतं. त्यामुळे आमच्याकडे सगळ्याला क्रम आहे. कुणी आधी बसायचं, कुणी आधी खायचं, कुणाला कुठल्या नावानं हाक मारायची. काकांसाठीच पाच शब्द. "इट्स एक्झॉस्टिंग," असं म्हणून तिनं डोळे फिरवले. पण आबा तो चहा पिताना ताठ बसले होते आणि त्यांचे पाय पहिल्यांदाच जमिनीला पुरते टेकले होते. चहा त्यांना मुळीच आवडला नाही. "पाला उकळलाय," ते घरी येऊन म्हणाले. "पण काय दिला गं पोरीनं!"

मग आमच्या दोन घरांत जी ये-जा सुरू झाली, ती आईनं ताब्यात घेतली. आईनं पहिल्यांदा चार पुरणपोळ्या पाठवल्या. लान संकोचत परत आली आणि मला कानात म्हणाली की चार आकडा त्यांच्याकडे चालत नाही. त्याचा उच्चार मरणासारखा होतो, आजी लोकांना तर लिफ्टमध्येही तो नको असतो. मी आईला सांगितलं. "अगं बाई!" आईनं तव्यावरची पाचवी पोळी तशीच उचलली आणि फुंकर मारत पळाली. मग येऊन समाधानानं म्हणाली, "आपण तरी कुठं कुणाला तीन वाढतो?" शेन काकूंनी उलट भेट म्हणून कोबीचं सारण भरलेले, उकडलेले कसलेतरी पांढरे गोळे पाठवले. आईनं एक उचलून उजेडाकडे धरला, कळ्या मोजल्या आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मोदक. तिखट मोदक." त्यानंतर कळ्यांच्या बाबतीत दोघींची न बोलता जी चुरस लागली, तिच्यामुळे माझं वजन वाढलं.

आबा आता रोज सकाळी मफलर सारखा करून शेजारी जायचे. मला शाळा नसली की मीही. बोलणं म्हणजे आगगाडी होती: आबा मराठीत, मी इंग्रजीत, लान चिनीत, आणि उत्तर त्याच मार्गानं परत. वाटेत डबे गळायचे. एकदा आबांनी विचारलं, "यांचा ब्रश कशाचा?" आणि उत्तर परत आलं ते असं, "हो, लांडग्याला थंडी वाजत नाही." पण त्यांना आमची गरज फारशी नव्हती. शेन आजोबा नदीकाठच्या कुठल्याशा गावात शाळेत अक्षर शिकवायचे. ब्रश उभा धरायचा, मनगट नाही तर अख्खा हात चालवायचा, आणि एकदा मारलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. त्यांच्याकडे पूर्वी माणसाचं अक्षर बघूनही त्याची पारख करायचे म्हणे. लान म्हणाली, "आजोबांच्या मते रेघ खोटं बोलू शकत नाही." आबा म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमच्याकडं गिऱ्हाईक बोलतं, रेघ कुठनं बोलणार?"

एकदा त्यांनी भिंतीवरचं एक लांबलचक चित्र दाखवलं. डोंगर, धुकं, एक पूल, आणि पुलावर काठी घेतलेला माणूस, तांदळाच्या दाण्याएवढा. अर्ध्याहून जास्त कागद कोराच. आबा अस्वस्थ झाले. त्यांचा हात आपोआप हवेत कमळ काढायला लागला.

"हितली जागा मोकळी का सोडली?"

"ते पाणी आहे," लान म्हणाली.

"कुठाय?"

"काढलेलं नाही. सोडलेलं आहे. आजोबा म्हणतात, आमचे ताओवाले लोक असं मानतात की सगळं भरून टाकलं तर यायला-जायला वाट कुठं राहील?"

"बरं. आणि ह्यो माणूस यवढाच का? मुंगीवानी?"

लाननं विचारलं. शेन आजोबांनी डोंगराकडे बघितलं, माणसाकडे बघितलं आणि साधेपणानं काहीतरी म्हणाले.

"आजोबा म्हणतात, तो तेवढाच आहे."

आबांनी हवेतला हात खाली घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडं माणूस डोंगराएवढा काढावा लागतो रं बाबा, न्हाईतर कोण वळून बघत न्हाई." मी पुढं पुष्कळ वाचलं, संग्रहालयांतून तसली चित्रं काचेमागं बघितली, तिथल्या पाट्यांवर मोठमोठे शब्द वाचले. पण चिनी चित्रातली कोरी जागा मला कुणी समजावली असेल तर त्या दोघांनी, एकानं सोडून आणि दुसऱ्यानं ती भरण्याची धडपड करून.

मग बागेचा प्रकार. डिसेंबर-जानेवारीत दोह्याची सकाळ इतकी सुंदर असते की उगाच पळावंसं वाटतं. शेन आजोबा रोज जवळच्या बागेत जायचे. काठीच्या टोकाला स्पंज बांधून केलेला हातभर लांब ब्रश, हातात पाण्याची बाटली. फरशीवर ते पाण्यानं अक्षरं लिहायचे. एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत पहिली उडून जायची. आबांनी हे पहिल्यांदा बघितलं आणि ते घाबरलेच. "पोरी, त्यांना सांग, जातंय. जातंय म्हणावं!" आबा दहा वर्षांची खात्री देऊन पाटी लावणारे. पाण्यानं लिहिणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी हवेत विहीर खणणारा. शेन आजोबांनी ब्रश त्यांच्या हातात दिला.

किती महिन्यांनी त्यांच्या हातात ब्रश आला होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त बघितलं की आबांनी तो तोलला, डोळे बारीक केले, टोपी मागं सारली आणि फरशीवर 'श्री' काढली. सुंदर, गरगरीत. मग ते सवयीनं सावली द्यायला लागले आणि सावली पूर्ण होईपर्यंत मूळ अक्षरच गेलं. फरशीवर नुसती सावली उरली. दोन्ही म्हातारे तिच्याकडे बघत राहिले आणि मग एकदम हसत सुटले.

शुक्रवारी बागेत गर्दी असायची. आमच्याकडची सुट्टीवरची माणसं यायची, ड्रायव्हर, फिटर, वेल्डर. बायका-मुलं गावाकडे, इथं एकटे. मराठी अक्षर दिसल्यावर त्यांचे पाय थांबले. "आबा, माझ्या गावाचं नाव लिहा की." आबांनी 'वाळवा' लिहिलं, 'तासगाव' लिहिलं, 'विटा' लिहिलं. प्रत्येक जण आपल्या गावापाशी उभा राहून, ते उडून जाईपर्यंत फोटो काढायचा. मग एक जण म्हणाला, "कवठेमहांकाळ." आबांनी जोरात सुरुवात केली. 'महां'पर्यंत पोचले तर 'कवठे' गायब. तो गृहस्थ रडवेला झाला. आबा परत मागं आले, 'कवठे' केलं, तर 'महां' गेलं. पंचवीस-तीस माणसं आता ओरडत होती, "आबा, पळा! यल्ला, यल्ला!" शेवटी शेन आजोबा दुसरा ब्रश घेऊन उतरले. आबा पुढं लिहीत चालले आणि ते मागून, एकही अक्षर ओळखत नसताना, ओल्या खुणांवरून अचूक गिरवत चालले. गिरवायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम त्या दिवशी कवठेमहांकाळसाठी मोडला. सातही अक्षरं एकदम दिसली तेव्हा बागेत जो जल्लोष झाला, त्यानं पहारेकरी धावत आला. "नो पेंट! नो पेंट!" आम्ही सगळे फरशीकडे बोट दाखवत उभे. फरशी कोरडी. पहारेकऱ्यानं खाली वाकून बघितलं, वर आमच्याकडे बघितलं आणि डोकं खाजवत निघून गेला.

गर्दीतला एक वयस्कर फिटर मात्र गेला नाही. तो आबांजवळ येऊन म्हणाला, "तुमचा 'ळ' मी कुठंतरी बघितलाय. तुम्ही शिवा पेंटर का हो? आमच्या शाळेच्या भिंतीवर तुमचा 'ळ' होता." आबांनी नुसती मान हलवली. घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

रविवारी संध्याकाळी बाबा मेसईदहून आले. जेवताना त्यांनी फोन आबांपुढं ठेवला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ कारखान्यातल्या कुणाकुणाकडे फिरत बाबांपर्यंत आला होता. आबा वाकून पळत लिहितायत, टोपी वाकडी, लोक ओरडतायत.

"आबा, हे काय? रस्त्यावर?"

"बाग हाय ती."

"मी इथं लोकांना सांगितलंय की तुम्ही रिटायर्ड आहात."

"कशातनं?"

"काय कशातनं?"

"रिटायर कशातनं झालोय, ते सांगितलंस का?"

बाबांनी आमटी ढवळली. मग हळूच म्हणाले, "ड्रॉइंग टीचर होते, असं सांगितलंय."

आबा ताटावरून उठले नाहीत. ते अन्नावरून उठणारे नव्हते. भात संपवला, हात धुतला आणि पुसता पुसता म्हणाले, "जवळच्या तारखेचं तिकीट बघ माझं." दुसऱ्या दिवशीपासून ते पुन्हा सोफ्यावर, विमानतळासारखे. आई बाबांशी फक्त 'मीठ' आणि 'पाणी' एवढंच बोलायची. भिंतीपलीकडून ठकठक यायची आणि आबा तिकडं वळूनही बघायचे नाहीत. बाबांशी भांडायचं मला तेव्हाही सुचलं नाही. मी लिफ्टमध्ये लानला सगळं सांगून टाकलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. शेन आजोबा बंद गळ्याचा कोट घालून, काखेत लाल कागदाच्या गुंडाळ्या, शेजारी लान. आजोबा बाबांपुढे चक्क वाकले. बाबा दचकून दोन पावलं मागं गेले. एवढा वयोवृद्ध माणूस आपल्यापुढे वाकतो म्हटल्यावर त्यांना कुठं ठेवू कुठं नको झालं. लाननं सांगितलं की नवं वर्ष आलंय. दाराच्या दोन बाजूंना लावायच्या लाल पट्ट्या घरातल्या वडीलधाऱ्या हातानं लिहायच्या असतात, सगळ्या बिल्डिंगनं मागितल्यात, आणि आजोबांचा हात यंदा थरथरतोय. "अक्षरं आजोबा दाखवतील, पण तुमच्या वडिलांचा हात काही दिवस उसना मिळेल का?"

शेन आजोबांनी हात पुढं करून थरथरवून दाखवला. जरा जास्तच थरथरवला. लाननं ओठ चावले. तिनं नंतर मला सांगितलं की आदल्या दिवशीच आजोबांनी तिच्या आईच्या सुईत दोरा ओवून दिला होता.

बाबा नाही म्हणूच शकत नव्हते. "शुअर," ते म्हणाले, "शुअर, अंकल." आणि सोफ्याकडे न बघता आत गेले. आबा मात्र लाल कागदाकडे बघत होते.

त्यांचं नवं वर्ष आणि आपला माघ बहुतेक एकाच अमावास्येच्या पाठीवर सुरू होतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आईचं हळदीकुंकू आणि या लाल पट्ट्या एकाच दिवशी येऊन आदळल्या. आईनं इथल्या मराठी मंडळातल्या पंधरा-वीस बायकांना बोलावलेलं. संध्याकाळी पाचला त्या जरीच्या साड्या, अत्तर, काळे मणी घालून लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि जागच्या जागी थबकल्या. अख्ख्या व्हरांड्यात लाल कागद वाळत घातलेले. मधोमध चटईवर दोन म्हातारे, शाईनं कोपरापर्यंत काळे. बायका साड्या घोट्यावर उचलून कागदांमधून ठिक्कर खेळल्यासारख्या उड्या मारत येत होत्या, किंचाळत होत्या, हसत होत्या.

"हे काय लिहितात हो?" कुणीतरी विचारलं. लाननं समजावलं: दोन ओळी, दोन बाजूंना. अक्षरं दोन्हींकडे तेवढीच. इकडे आकाश तर तिकडे जमीन, इकडे डोंगर तर तिकडे पाणी. उजेडासमोर सावली. एकट्यानं काही पुरं होत नाही, प्रत्येकाला समोर जोडीदार लागतो, अशी आमची समजूत. मी ते मराठीत सांगितलं, चक्क न अडखळता. आई तिळगुळाचं ताट धरून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "म्हणजे उखाणाच की!"

मग काय विचारता. एकीनं पदर खोचला आणि म्हणाली, "लिहा आबा: समोर समुद्र, मागे वाळू, मधून जातो रस्ता, अमोलराव गाडी चालवतात, मी काढते खस्ता!" आबांनी झरझर दोन पट्ट्यांवर दोन ओळी उतरवल्या. दुसरी पुढं आली, तिसरी आली. ओळ लागली. शेन आजोबा प्रत्येक उखाण्याला मान डोलावून, आबांच्या पट्टीशेजारी आपल्या अक्षरात दोन ओळी लिहून द्यायचे. काय लिहीत होते देव जाणे. लान आणि मी पट्ट्या वाळत घालत होतो, अंगाला तिळगूळ आणि शाई, आणि हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं.

"आता तू घे गं!" सगळ्या आईच्या मागं लागल्या. आईनं ताट खाली ठेवलं. तिनं एकदा आबांकडे बघितलं. आणि मोठ्यानं, खणखणीत, सहाव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मेसईदच्या कारखान्यात दिवसभर ऊन,
सुधीररावांचं नाव घेते, शिवा पेंटरची सून."

त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलेलं होतं आणि तिच्यात सुधीरराव उभे होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डब्याची पिशवी, बुटांवर मेसईदची धूळ.

"शिवा पेंटर कोण गं?" मागून कुणीतरी भोळेपणानं विचारलं. "तुझे सासरे ड्रॉइंग टीचर ना?"

आबांनी ब्रश शाईच्या वाटीवर आडवा ठेवला. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं, बाबांना लागून पुन्हा उघडलं.

"टीचर नव्हते," बाबा म्हणाले. "पेंटर आहेत. इस्लामपुरात असं दुकान नव्हतं ज्याच्यावर यांचा हात नव्हता. शिडीवर हे असायचे. खाली रंगाचा डबा धरून मी." आणि त्यांनी बूट काढले, पिशवी माझ्याकडे दिली, कागदांमधून वाट काढत येऊन आबांसमोर मांडी घातली. "आबा, दुसरी ओळ मी लिहू?"

आबांनी आईच्या उखाण्याची पहिली ओळ आधीच लिहून काढली होती. अशी, की तिच्यावरून हात फिरवावासा वाटावा. त्यांनी ब्रश पुढं केला. बाबांनी तो स्क्रू-ड्रायव्हरसारखा धरला. ज्या माणसाला केसभर हललेला काटा दिसायचा, त्यानं 'सुधीररावांचं' एवढं ऐसपैस लिहिलं, की 'शिवा पेंटरची'ला दाटीवाटी झाली आणि 'सून'ला जागाच उरली नाही. ती कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, अंग चोरून बसली. शेन आजोबा पुढं झुकले. पट्टी नीट वाचल्यासारखी बघितली आणि गंभीरपणे काहीतरी म्हणाले.

"आजोबा म्हणतात," लान म्हणाली, "भावना खूप आहे."

आबांनी टोपी मागं सारली, एक डोळा मिटला, पट्टी लांब धरून वरपासून खालपर्यंत बघितली.

"सुधीर," ते म्हणाले, "तू इंजिनिअर झालास ते लई ब्येस झालं बघ."

पहिले हसले ते बाबा. चष्मा काढून, डोळे शाईच्या हातानं पुसत, इतके की काळे झाले. आणि आबांनी सगळ्या बायकांना बाजूला सारून ती पट्टी स्वतःच्या हातानं आमच्या दाराला, बरोबर सगळ्यांच्या नजरेसमोर येईल अशी चिकटवली.